नव्या घराची पहिली पाच वर्षे

(एका गृहनिर्माण संस्थेच्या सदस्य-मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आपल्यापैकी बहुतेकांनी आयुष्यात एकदाच घर घेतले असेल. भविष्य निर्वाह निधीतील रक्कम काढली, प्रसंगी घरातले सोने मोडले, वीस वर्षांचे कर्ज डोक्यावर घेतले आणि तोरण बांधून वास्तुशांत केली. मग पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यात भिंतीवर ओलीचा नकाशा उमटतो. अशा वेळी आपण काय करतो? रंगाऱ्याला बोलावतो. शेजाऱ्यांना तर कळूही देत नाही. घराची किंमत उतरेल ही भीती!

हे मी कोणाला नावे ठेवण्यासाठी सांगत नाही. आमच्याच इमारतीत असे घडले. २०१८ साली ताबा मिळाला. २०२४ मध्ये वाहनतळातील एका तुळईचा गिलावा सुटून गंजलेली सळई दिसू लागली, तेव्हा संस्थेने विकासकाला पहिले पत्र लिहिले. उत्तर एका ओळीचे होते: मुदत संपली आहे. त्यापूर्वी तोंडी आम्ही अनेकदा सांगितले होते, पण कागद एकही नव्हता. चूक त्यांची होतीच. आमच्या मौनाने ती झाकली गेली.

ही मुदत कोणती, ते नीट समजून घेऊ. संसदेने २०१६ साली स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, म्हणजे आपण ज्याला 'रेरा' म्हणतो तो कायदा केला. त्याच्या कलम १४(३) नुसार, ताबा दिल्याच्या दिनांकापासून पाच वर्षांच्या आत इमारतीच्या सांगाड्यातील दोष किंवा कारागिरी, दर्जा व सेवासुविधा यांतील उणीव विकासकाच्या निदर्शनास आणून दिली, तर तीस दिवसांत ती विनामूल्य दूर करणे हे त्याचे कर्तव्य ठरते. त्याने ते केले नाही, तर ग्राहक भरपाईस पात्र होतो. इमारतीचे अभिहस्तांतरण संस्थेच्या नावे झाले म्हणून सांगाड्यातील दोषाची जबाबदारी संपत नाही, हेही कायद्यात स्पष्ट आहे. डिसेंबर २०२२ मध्ये महारेराने आदर्श करारनाम्यातील दोषदायित्वाचे कलम बदलता येणार नाही, असे ठरविले. एखाद्या करारात ही हमी दोन वर्षांवर आणलेली दिसली, तर सही करण्यापूर्वीच तिला हरकत घ्यावी.

येथे दोन गोष्टींत गफलत होते. पाच वर्षे आपण राहावयास गेल्यापासून नव्हे, तर ताब्यापासून मोजली जातात. मुलगा परदेशी आहे, सदनिका तीन वर्षे कुलूपबंद राहिली, तरी घड्याळ चालूच असते. दुसरी गोष्ट अशी की, स्नानगृहातील फरशी उखडून नवी बसविली किंवा नळजोडण्या हलविल्या, तर गळतीचे खापर आपल्यावरच फोडले जाते. अनेक करारनाम्यांत तशी तरतूदच असते. विकासकाची लेखी संमती घेतल्याशिवाय असे काम काढू नये.

काही दोष तर वर्षानुवर्षे दिसतच नाहीत. गुरुग्राममध्ये १० फेब्रुवारी २०२२ रोजी एका बहुमजली इमारतीत वरच्या मजल्यावरील छत कोसळून खालच्या मजल्यांपर्यंत आले आणि दोन महिलांचा मृत्यू झाला. त्यानंतर दिल्लीच्या आय.आय.टी.ने केलेल्या तपासणीत काँक्रीटमध्ये क्लोराइड आढळले. क्लोराइडमुळे आतली सळई गंजते, गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीट आतून फोडते. बाहेरून रंग ताजाच असतो! म्हणूनच चौथ्या वर्षी संस्थेने स्वतंत्र अभियंत्याकडून संरचनात्मक तपासणी करून घ्यावी. होणारा खर्च सर्व सदस्यांत वाटला, तर तो एका घराच्या रंगकामापेक्षा फार नसतो.

तक्रार लेखी असावी. स्पीड पोस्टाने पाठवून पोचपावती जपावी, ई-मेलही करावा. दिनांकासह छायाचित्रे आणि अभियंत्याचा अहवाल सोबत जोडावा. दुरुस्ती आधी करून पुरावा पुसून टाकू नये. मात्र धोका तातडीचा असेल, तर चित्रीकरण करून आधार द्यावा. कागदासाठी जीव धोक्यात घालण्याचे कारण नाही. तीस दिवसांत काही झाले नाही, तर महारेराकडे जावे. भरपाईचा निर्णय तेथील न्यायनिर्णय अधिकारी करतात.

लहान इमारतींचे काय, असा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. भूखंड ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा नसेल किंवा सदनिका आठहून अधिक नसतील, तर रेराची नोंदणी बंधनकारक नाही. तेथे महाराष्ट्राचा १९६३ चा 'मोफा' कायदा आहे, परंतु त्याची मुदत तीनच वर्षांची. ग्राहक आयोगाचा मार्गही आहे. तेथे तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत जावे लागते.

ज्यांच्या ताब्याला चार वर्षे होऊन गेली आहेत, त्यांनी पुढच्या पावसाळ्याची वाट पाहू नये. येत्या रविवारी गच्ची, जिना, वाहनतळ आणि पाण्याच्या टाक्या एकत्र फिरून पाहाव्यात आणि त्याच दिवशी पत्राचा मसुदा करावा. काही जणांनी करारनामे बरोबर आणले आहेत, असे समजते. त्यांतील दोषदायित्वाचे कलम आता आपण मिळून वाचू.