पडद्यावरची नौका, कागदावरची मजुरी



आजचा विषय फलकावर वाचून काही मंडळी हसली असतील. कामगार संघटनेच्या माणसाला अंतराळातल्या गोष्टींचे काय पडले आहे? पडले आहे, म्हणूनच उभा आहे.

१९६६ ते १९६९ या काळात अमेरिकेत 'स्टार ट्रेक' नावाची दूरचित्रवाणी मालिका झाली. कप्तान कर्क आणि त्याचे सोबती 'एंटरप्राइज' नौकेतून ताऱ्याताऱ्यांत हिंडतात, असा तिचा थाट. पुढे १९८० नंतरच्या दशकात आपल्या दूरदर्शननेही ती दाखविली. स्पॉकचे टोकदार कान इथल्या पन्नाशीच्या श्रोत्यांना आठवत असतील. या मालिकेच्या भागांवरून जेम्स ब्लिश या लेखकाने कथा लिहिल्या. पहिले पुस्तक १९६७ साली निघाले आणि १९७७ पर्यंत १२ झाली. ब्लिश १९७५ साली वारला. शेवटचे पुस्तक त्याच्या पत्नीने, जे. ए. लॉरेन्स हिने, पुरे केले.

पडद्यावरून कागदावर उतरविलेले लिखाण म्हणजे उष्टे अन्न, असा विद्वानांचा दंडक आहे. तो मला मान्य नाही. हा ब्लिश काही भुरटा लेखक नव्हे. 'अ केस ऑफ कॉन्शन्स' या त्याच्या कादंबरीला १९५९ साली ह्यूगो पारितोषिक मिळाले होते. अशा कारागिराने उक्ते काम घेतले म्हणून त्याचा हात बिघडत नाही. देवघर करणारा सुतार पाट करू लागला, तर पाट डुगडुगतो की नाही, एवढेच पाहावे.

काही पाट डुगडुगतात, हे खरे. ब्लिश पटकथांचे मसुदे समोर ठेवून लिही, आणि जवळजवळ तासाभराचा खेळ थोडक्या पानांत बसवी. त्यामुळे पुष्कळ ठिकाणी कथा न राहता सभेचे इतिवृत्त होते: अमुक आला, तमुक बोलला, ठराव मंजूर. नट जे भुवई उचलून सांगतो ते वाक्यात यावे लागते, आणि घाईत ते राहून जाते. डॉक्टर मॅकॉय आणि स्पॉक यांची खटकाखटकी गोड का लागावी, हे मालिका न पाहिलेल्याला कळत नाही. म्हणून माझी कसोटी अशी की, पडदा विझवावा आणि मग कथा वाचावी.

चौथ्या पुस्तकातली (१९७१) 'द डेव्हिल इन द डार्क' ही कथा या कसोटीला पुरेपूर उतरते. मूळ पटकथा जीन कून याची. एका दूरच्या ग्रहावरील खाणीत ५० हून अधिक माणसे मेली आहेत. अंधारात कोणी राक्षस खडक जाळीत हिंडतो. खाणकामगार सूडाने पेटलेले, खाणीचा प्रमुख उत्पादन अडले म्हणून हैराण. स्पॉक त्या प्राण्याच्या मनाशी आपले मन जोडतो, तेव्हा उलगडते की ही तर आई आहे. निरुपयोगी म्हणून कामगार जे गोल दगड फोडीत होते, ती तिची अंडी! पडद्यावर हा प्राणी थोडासा सतरंजीखाली रांगणाऱ्या माणसासारखा दिसतो. कागदावर तो खडकच राहतो, आणि म्हणून त्याचे दुःख अधिक झोंबते.

शेवटी समेट होतो. तिच्या पिलांनी बोगदे खणावे, माणसांनी धातू न्यावा. वाटाघाटींत आयुष्य गेलेल्या मला इथे शंका येते. धातूचा पैसा माणसांचा, खणणाऱ्यांना काय? तर त्यांना कोणी मारणार नाही! लेखकाला हा शेवट गोड वाटला. माझ्या मते पहिली बैठक चांगली झाली, मागणीपत्र अजून यावयाचे आहे.

खणले कोणी आणि नेले कोणी, हा प्रश्न या कथांच्या लेखकांनाही सुटला नाही. 'द सिटी ऑन द एज ऑफ फॉरएव्हर' या भागाची हार्लन एलिसनची पटकथा निर्मात्यांनी बदलून १९६७ साली दाखविली. त्याच्या मूळ संहितेला लेखकांच्या संघाचे पारितोषिक मिळाले, आणि दाखविलेल्या भागाला ह्यूगो! ब्लिशने दोन्हींतले बरे वाटले ते घेऊन कथा जुळविली, आणि तसे उघड सांगितले. कथा जरा सांधल्यासारखी वाटते, पण हा सचोटीचा व्यवहार मला आवडला.

पुढे त्याच भागावरून आणखी पुस्तके निघाली, वस्तू विकल्या गेल्या. २००९ साली एलिसनने आपल्या वाट्यासाठी कंपनीवर दावा लावला, आणि सोबत स्वतःच्या लेखक-संघालाही प्रतिवादी केले. संघ आपल्यासाठी झगडला नाही, ही त्याची तक्रार. संघाकडून त्याने मागितला फक्त १ डॉलर. मंडळी, पदाधिकारी म्हणून सांगतो, लाखाचा दावा परवडला, हा डॉलर परवडत नाही. त्याच वर्षी तडजोड झाली, त्यामुळे आरोपाचा निवाडा न्यायालयात झालाच नाही.

वाचावयाचे असेल त्यांनी चौथ्या पुस्तकापासून आरंभ करावा. पहिले मागाहून वाचले तरी चालेल. त्यातली 'बॅलन्स ऑफ टेरर' तेवढी सोडू नये. तीत दोन शत्रुनौकांचे कप्तान एकमेकांना न पाहताच ओळखू लागतात.