वैद्यकाच्या इतिहासाचे कारभारी



१९५६ हे साल आपल्या भागात लक्षात राहिलं ते राज्यपुनर्रचनेमुळे. त्या वर्षीच्या १ नोव्हेंबरला हैदराबाद राज्य मोडलं आणि बीडसकट मराठवाड्याचे पाच जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात आले. त्याच साली हैदराबादेत आणखी एक गोष्ट घडली. उस्मानिया वैद्यकीय महाविद्यालयात वैद्यकाच्या इतिहासाचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. तो उभा केला डॉ. डी. व्ही. सुब्बा रेड्डी यांनी. म्हणजे आपण वाटणी घेऊन एकत्र घरातून बाहेर पडलो, आणि मागे त्या घरात जुन्या पेट्या उघडून कागद लावायला एक जाणता माणूस बसला. पेट्यांत आपलेही कागद होते. इकडे आपण मात्र नव्या घराच्या गडबडीत होतो.

आज बोलायचं आहे ते अशा माणसांबद्दल. वैद्यकाच्या इतिहासाची जी मंडळं जगात निघाली, त्यांचे पुढारी कोण होते, आणि त्यांच्यामुळे काय जपलं गेलं? विषय ऐकायला जरा कोरडा वाटेल. अशा मंडळाचा अध्यक्ष म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं? एखादे निवृत्त सर्जन, भिंतीवर जुन्या डीनसाहेबांच्या तसबिरी, वर्षातून एकदा हार, नारळ आणि चहा. पण माझ्या मते या खुर्चीला एकच खरा अधिकार असतो. इतिहासाच्या दारातून आत कोणाला घ्यायचं, हे तिथे बसणारा ठरवतो.

लंडनचं उदाहरण घ्या. तिथल्या रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनमध्ये १९१२ साली इतिहासाचा विभाग निघाला. त्यामागे खटपट होती सर विल्यम ऑस्लर यांची. पण पहिलं अध्यक्षपद त्यांनी स्वतःकडे घेतलं नाही, त्या जागी सर नॉर्मन मूर बसले. आपल्याकडच्या संस्था आठवून पाहा, म्हणजे यातलं विशेष कळेल. ऑस्लर पुस्तकवेडे होते. सुमारे आठ हजार दुर्मीळ ग्रंथ त्यांनी जमवले आणि ते कॅनडातल्या मॅक्गिल विद्यापीठाला देऊन टाकले. त्यांच्या लेखी वैद्यकाचा इतिहास म्हणजे थोर वैद्यांचे थोर ग्रंथ. थोर माणसांनी थोर माणसांविषयी लिहावं आणि तरुण डॉक्टरांनी ते रात्री निजताना वाचावं. १९२० साली बेल्जियमच्या अँटवर्पमध्ये या विषयाची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली, पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय संस्थाही निघाली. तिथेही वारं साधारण याच दिशेचं होतं.

ते वारं फिरवलं हेन्री सिगेरिस्ट या स्विस गृहस्थांनी. १९३२ पासून ते अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या वैद्यकेतिहास संस्थेचे संचालक होते. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की डॉक्टरचा इतिहास लिहिलात, ठीक आहे. पण खाटेवर पडलेल्या माणसाचा कुठे आहे? तो खात काय होता, राबत कुठे होता, दवाखान्यापर्यंत पोचायला त्याच्याकडे पैसे होते का? १९४४ साली हे सिगेरिस्ट भोर समितीच्या कामासाठी भारतात आले. समितीचे अध्यक्ष सर जोसेफ भोर मूळचे आपल्या नाशिकचे. प्राथमिक आरोग्य केंद्र ही कल्पना आपल्याकडे रुजली ती याच समितीच्या १९४६ च्या अहवालातून, म्हणून हे नाव तुमच्या कानावर असेल. भारतात वैद्यकाच्या इतिहासाची स्वतंत्र संस्था असावी, असं सिगेरिस्ट यांनी तेव्हा आग्रहानं सुचवलं.

आता सुब्बा रेड्डींकडे येऊ. हे शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक, इतिहास हा त्यांचा ध्यास. १९४१ साली, सिगेरिस्ट संपादक असलेल्या नियतकालिकात त्यांचा मध्ययुगीन दक्षिण भारतातल्या वैद्यकीय सोयींवरचा लेख आला. हा विषयच पाहा! काकतीय राणी रुद्रमदेवीच्या काळातला मलकापुरमचा शिलालेख आहे, आंध्रातल्या गुंटूर भागातला. त्यात मठाला दिलेल्या दानातून प्रसूतिशाळा आणि आरोग्यशाळा चालवण्याची तरतूद आहे. तेराव्या शतकात बाळंतपणासाठी वेगळी जागा आणि तिच्या खर्चाची नोंद थेट दगडावर! औषधाचे पाठ सांगणारे ग्रंथ आपल्याकडे मुबलक आहेत. पैसा कुठून आला आणि सोय कोणाची झाली, हे सांगणारा दगड विरळा. सुब्बा रेड्डींची नजर अशा दगडावर गेली, म्हणून मला ते मोठे वाटतात. हैदराबादच्या त्यांच्या विभागाची पत्रिका १९६३ पासून निघू लागली. पुढे विभागाची राष्ट्रीय पातळीवरची संस्था झाली.

रुद्रमदेवीचे शेजारी आणि वैरी म्हणजे देवगिरीचे यादव. आपली अंबाजोगाई त्यांच्याच राज्यात. सेनापती खोलेश्वराचे शिलालेख तिथे आजही पाहता येतात. याच यादवांचा मंत्री हेमाद्री. मोडी लिपी आणि देवळं यांच्याशी आपण त्याचं नाव जोडतो, पण वाग्भटाच्या अष्टांगहृदयावर त्यानं आयुर्वेदरसायन नावाची टीका लिहिली, हे वैद्य सोडले तर कोणी सहसा सांगत नाही. त्याच्या आश्रयाला बोपदेव होता. बोपदेवाचे वडील केशव हे वैद्य, सिद्धमंत्र या ग्रंथाचे कर्ते. वडिलांच्या ग्रंथावर मुलानं टीका लिहिली. आश्रय देणारा स्वतः त्या विद्येत उतरलेला, आणि भोवती लिहिती माणसं. त्या काळचं मंडळच म्हणा ना.

हेमाद्रीची टीका आपल्या हाती सुबक छापून आली ती मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यामुळे. डॉ. अण्णा मोरेश्वर कुंटे यांनी १८८० साली अष्टांगहृदय अरुणदत्ताच्या टीकेसह काढलं. १९३९ च्या आवृत्तीत हरिशास्त्री पराडकर वैद्यांनी हेमाद्रीची टीकाही शेजारी दिली. पुण्यात चिं. ग. काशीकरांनी युलियुस योली या जर्मन पंडिताचा भारतीय वैद्यकावरचा ग्रंथ १९५१ साली इंग्रजीत आणला. भांडारकर संस्थेत हस्तलिखितांची राखण करणारे प. कृ. गोडे भारतात चष्मा कधी आला याचे पुरावे पोथ्यांतून वेचत बसले. यातले काशीकर वैदिक वाङ्मयाचे अभ्यासक आणि गोडे हस्तलिखितांचे राखणदार. दोघांपैकी कोणी नाडी पाहणारा नव्हता. हा मुद्दा लक्षात असू द्या, पुढे तो मला लागणार आहे.

कारण बीड जिल्ह्याचा वैद्यकेतिहास लिहायचा झाला, तर सुरुवात कुठून करायची? परळीला ज्योतिर्लिंगाचं नावच वैद्यनाथ. समुद्रमंथनातलं अमृत आणि धन्वंतरी त्या लिंगात सामावले अशी श्रद्धा आहे. अंबाजोगाईला सत्तरच्या दशकात निघालेलं स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय आहे. आशियातलं पहिलं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय अशी त्याची ओळख आपण अभिमानानं सांगतो. या दोन टोकांमध्ये सुंदर स्मरणिका निघेल. पण सिगेरिस्ट यांचा प्रश्न तसाच राहील. खाटेवरचा माणूस कुठे आहे?

तो बारवेवर आहे. आमच्या पिढीतल्या लोकांना नारू सांगावा लागत नाही. नव्या मुलांना सांगावा लागतो, आणि ऐकताना ती तोंड वाकडं करतात. आधी पायाला फोड यायचा. आग सोसवेना, म्हणून माणूस पाय पाण्यात सोडायचा. बारवेच्या पायऱ्या उतरून घागर भरायची तर पाय पाण्यात जाणारच. फोड फुटून अळ्या पाण्यात जायच्या, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या पाण्यातल्या किड्यांच्या पोटात वाढायच्या. तेच पाणी प्यायलं की वर्षभरानं दुसऱ्याच्या पायाला फोड. आत हातभर, कधी दोन हात लांबीचा दोऱ्यासारखा जंत. जोरानं ओढला तर तुटायचा, आणि आत तुटला की पाय सुजून पू धरायचा. म्हणून त्याचं तोंड काडीला गुंडाळून रोज बोट-दोन बोटं बाहेर काढायचं. असं कित्येक दिवस, आणि तेही नेमकं खरिपाच्या तोंडावर. नांगराला बैल आहेत आणि मालक अंगणात पाय पसरून काडी गुंडाळत बसलाय.

हा रोग देशातून गेला. १९९६ नंतर रुग्ण सापडला नाही आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेनं तसं प्रमाणपत्र दिलं. गेला कशानं? ना लस, ना गोळी. पाणी फडक्यानं गाळलं, पायऱ्यांच्या विहिरी बंद केल्या किंवा वरून शेंदायच्या केल्या, हातपंप बसवले. ऑस्लर यांच्या पुस्तकांच्या कपाटात या विजयाला जागा कुठे सापडणार? नाव कोणाचं लिहायचं? घागरीच्या तोंडाला फडकं बांधणाऱ्या बाईचं, की दारोदार फिरून ते बांधायला लावणाऱ्या आरोग्य सेवकाचं?

दुसरा माणूस, खरं तर बाई, आहे उसाच्या फडात. हा इतिहास अजून शिळा झालेला नाही, म्हणून तो सांगताना जास्त जड जातं. दिवाळीनंतर टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून उचल घेतलेली. एक दिवस काम चुकलं तर खाडा, म्हणजे वर दंड. पाळीचे दिवस, अंगावरून जाणं, फडात ना आडोसा ना पाणी. मग कोणीतरी सांगतं, पिशवी काढून टाक, कटकट मिटेल. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या शासकीय समितीपुढे बीड जिल्ह्यातल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड बायकांची पाहणी आली. त्यांतल्या तेरा हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली होती. त्याच सुमारास जिल्ह्यात खासगी दवाखान्याला या शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक झाली. त्याआधीची एक नोंद जनगणनेत आहे. सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे जिल्ह्यात २००१ मध्ये ८९४ मुली होत्या, २०११ मध्ये ८०७ उरल्या. सोनोग्राफी यंत्राचा आपल्या जिल्ह्यातला इतिहास या दोन आकड्यांच्या मधल्या दहा वर्षांत आहे. आणि तो डॉक्टरांच्या तसबिरींखाली बसून लिहिता येणार नाही.

म्हणून, बीडसाठी उद्या वैद्यकेतिहासाचं मंडळ काढायचं झालं तर माझं मत मी आजच नोंदवून ठेवतो. अध्यक्ष डॉक्टर नको. डॉक्टर सभासद असोत, वर्गणी देवोत, जुनी केसपेपरची गाठोडी आणून देवोत. पण खुर्चीवर अशी एखादी निवृत्त आरोग्य सेविका बसावी, जिनं तीस वर्षं उपकेंद्राची रजिस्टरं भरली, वस्त्यांवर पायी फिरून डोस पाजले आणि कोणत्या घरात कोणती गोष्ट लपवली जाते हे जिला चेहऱ्यावरून कळतं. डॉक्टर मंडळी रागावतील. रागावोत. काशीकर, गोडे कुठे डॉक्टर होते?

चिटणीस मात्र उर्दू जाणणारा हवा. निजामाच्या काळात सरकारी दप्तर आधी फारसीत आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून उर्दूत चालायचं. देवी, पटकी, प्लेग यांबद्दलचा आपल्या तालुक्यांचा पत्रव्यवहार मराठीत शोधायला जाल तर हात हलवत परत याल. हैदराबाद संस्थान वैद्यकात मागे होतं अशी समजूत असेल तर तीही काढून टाकायला हवी. क्लोरोफॉर्म सुरक्षित आहे की नाही हे तपासायला १८८८ आणि १८८९ मध्ये दोन आयोग बसले ते हैदराबादेत, निजामाच्या आश्रयानं. आणि २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू दिसला तो सिकंदराबादेत. त्या राजधानीतून आपल्या तालुक्यांना काय पोचलं आणि काय पोचलं नाही, हे त्या दप्तरांवरून जुळवायचं आहे. बीडमध्ये, अंबाजोगाईत उर्दू शाळांतून निवृत्त झालेले शिक्षक आहेत, घसटलेलं शिकस्ता अक्षर वाचणारे आहेत. त्यांतले बरेच ऐंशीच्या घरात आले. त्यांच्या शेजारी बसून शिकणारी चार-सहा मुलं या वर्षीच मिळायला हवीत.

फडातल्या बायकांच्या बाबतीत भाषेची अडचण नाही. त्यांची मुलाखत घ्यायची तर टोळ्या परतल्यावर, चैत्र-वैशाखात, गावी जाऊन. नाव छापायचं नाही. विचारायचं एवढंच, की वय किती होतं, आधी काय त्रास होता, कोणी सांगितलं, पैसे कोणाकडून उचलले आणि ते फेडायला किती हंगाम गेले.