अंगठा, नाव आणि प्रबंध

(पदवीधर विद्यार्थ्यांच्या मेळाव्यातील भाषण)



डिजिटल ओळख व वैयक्तिक माहिती हा विषय यंत्रज्ञांचा. त्यात कला, कायदा वा भाषा शिकलेल्याचे काय काम, असा समज आपल्या गावांतून सर्रास आढळतो. तो समज खोडून काढावा, एवढ्याचसाठी आम्ही आज आपणांपुढे उभे आहोत.

प्रथम थोडा इतिहास. हाताच्या ठशावरून माणूस ओळखण्याची विद्या याच भूमीत वाढली. १८५८ साली बंगाल्यात विल्यम हर्शेल या गोऱ्या अधिकाऱ्याने एका करारावर स्थानिक माणसाच्या पंजाचा ठसा घेतला. १८९७ साली कलकत्त्यास ठशांची कचेरी निघाली. ठशांच्या वर्गीकरणाची रीत बसवण्यात अझीझुल हक व हेमचंद्र बोस यांनी आपली बुद्धी वेचली. जगात ती गाजली मात्र त्यांचे वरिष्ठ एडवर्ड हेन्री यांच्या नावाने. ठसे आमचे, गणित आमचे आणि नाव साहेबाचे! ज्याने शोध लावला त्याच्या हाती लेखणी नसली म्हणजे काय होते, याचा याहून बोलका दाखला कोणता?

आता वर्तमानाकडे वळू. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात पहिले आधार क्रमांक दिले गेले. बारा आकडे, दहा बोटे, दोन बुबुळे व एक छायाचित्र, एवढ्यावर आज कोट्यवधींची ओळख उभी आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्वाळा दिला. २०१८ साली पाच न्यायमूर्तींनी चार विरुद्ध एक मताने आधारची योजना वैध ठरवली. २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले.

कायदा झाला म्हणून प्रश्न मिटले काय? मुळीच नाही, प्रबंधाचे विषय तेथूनच सुरू होतात. वीटभट्टीवर राबून जिच्या अंगठ्याच्या रेषा झिजल्या, त्या म्हातारीस यंत्र ओळखत नाही. ती रेशन दुकानातून रिकाम्या पिशवीने परतते, तेव्हा चूक कोणाची व दाद कोठे मागावी? हा समाजशास्त्राचा विषय. अनुदान वा लाभ देताना शासनास कित्येक प्रसंगी नव्या संमतीवाचून माहिती वापरता यावी, अशी वाट कायद्याने ठेवली आहे. ती किती रुंद असावी? हा विधिशास्त्राचा. आणि तिसरा विषय तर आपल्या उंबऱ्यावरचा. 'गणपत' हे नाव रोमन लिपीत लिहिताना एक कारकून 'ण'पुढे 'ए' हे अक्षर घालतो, दुसरा गाळतो. त्या रोमन रूपावरून ते कानडीत उतरते तेव्हा तिसरेच होऊन बसते. शाळेच्या दाखल्यावर एक, जमिनीच्या उताऱ्यावर दुसरे, आधारवर तिसरे. यंत्राच्या लेखी ही तीन माणसे! दोन लिपींत वाढलेल्या आपल्या मुलांइतके हे दुखणे कोण जाणील?

साधनेही अगदीच दुर्मीळ नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के गुण मिळवणाऱ्यास थेट पीएच.डी.च्या प्रवेशासाठी अर्ज करता येतो. मुदत किमान तीन व कमाल सहा वर्षे. आयोगाच्या नेट परीक्षेतून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाल्यास दरमहा ३७,००० रुपये व दोन वर्षांनंतर ४२,००० रुपये, असा दर २०२३ पासून ठरला आहे. त्या परीक्षेत संगणकशास्त्राप्रमाणेच विधी, समाजशास्त्र, भाषाशास्त्र व मराठी हेही विषय आहेत. बंगळूरच्या आय.आय.आय.टी. संस्थेत २०१८ पासून मोसिप नावाची ओळखप्रणाली घडते आहे. फिलिपाईन्स व मोरोक्को यांनीही ती स्वीकारली. २०२३ च्या कायद्याने संशोधनास सवलतही दिली आहे. अट एवढीच, की गोळा केलेली माहिती कोणा एका व्यक्तीविषयी निर्णय घेण्यास वापरू नये व ठरलेली मानके पाळावीत.

म्हणून आमचे सांगणे इतकेच. घरी जाल तेव्हा आपल्या आजीचे रेशनकार्ड, वडिलांचा उतारा व स्वतःचे आधारपत्र शेजारी शेजारी ठेवा, आणि तिन्हींवरील नावे अक्षर लावून वाचा. जेथे अक्षर अडेल, तेथे तुमच्या प्रबंधाचा पहिला प्रश्न सापडेल. तो तुम्ही विचारला नाही, तर आपल्या माणसांविषयीचे निर्णय आपणांस न ओळखणारी यंत्रे व आपली भाषा न जाणणारे तज्ज्ञ करतील.