दुखापतीनंतरची पहिली पकड

२०१६ सालीं रिओच्या ऑलिंपिकमध्यें चीनच्या सुन यानानशीं लढतांना विनेश फोगट हिचा गुडघा जायबंदी झाला. २०१८ सालीं जकार्ता येथें तिनें त्याच सुनला हरविलें व सुवर्णपदक मिळविलें. सूज उतरली कीं मल्ल बरा झाला, असें घरच्यांस वाटतें. परंतु बैठकांत पुढची हालचाल गुडघ्यास ठाऊक असते. प्रतिस्पर्ध्याचा हिसका अवचित येतो. म्हणून आधीं एकट्यानेंच डावांचा सराव, मग विरोध न करणारा जोडीदार, मग ठरवून दिलेला विरोध. डॉक्टरांच्या संमतीनंतरच मोकळी लढत. जोडीदार समजूतदार हवा. ईर्षेचा गडी येथें नको! गुडघा पुन्हां सुजला, तर वस्तादानें मागच्या पायरीवर यावें. स्पर्धेची तारीख जवळ आली, हें कारण ऐकूं नये.