कडुनाचे इमाम आणि पाद्री

उत्तर नायजेरियातल्या कडुना राज्यात १९९२ मध्ये मुस्लिम-ख्रिस्ती दंगली उसळल्या. पाद्री जेम्स वुये यांनी त्यात उजवा हात गमावला. इमाम मुहम्मद अशाफा यांचे गुरू आणि दोन भाऊबंद मारले गेले. दोघेही आपापल्या गटातल्या लढाऊ तरुणांचे म्होरके, सुडाला टपलेले. पुढे मशिदीतलं क्षमेवरचं प्रवचन ऐकून अशाफांचं मन पालटलं. वुयेंचा त्यांच्यावर विश्वास बसायला मात्र वर्षं लागली, आणि मला तेच फार खरं वाटतं. १९९५ मध्ये दोघांनी मिळून कडुनात आंतरधर्मीय मध्यस्थी केंद्र काढलं. कुराण आणि बायबल समोर ठेवून ते तरुणांशी बोलत राहिले. पुन्हा दंगली झाल्या, तरी थांबले नाहीत. २००२ मध्ये दोन्ही धर्मांच्या नेत्यांनी कडुना शांतता जाहीरनाम्यावर सह्या केल्या.