योगवर्गाचे दार



विहारातील आपल्या योगवर्गात स्त्रियांची एक व पुरुषांची एक अशा दोन रांगा असतात. एके सकाळी एक तृतीयपंथी व्यक्ती दाराशी आली. रांगांत कुजबुज झाली, कोणी हसले. वर्ग मी घेत होतो; मी गप्प राहिलो. ती व्यक्ती परत गेली. दारातून परत फिरण्याचे दुःख आपल्याला वेगळे सांगायला हवे का?

‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरे दिली म्हणून र. धों. कर्वे यांच्यावर खटला झाला. १९३४ साली त्यांची बाजू बाबासाहेबांनी मांडली. निकाल विरुद्ध गेला. पण लोकलज्जेपायी बाबासाहेब मागे हटले नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली तृतीयपंथीयांची ओळख मान्य केली आणि २०१८ साली प्रौढांच्या संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले.

नुसती आसने शिकवून कोणी पुढारी होत नाही. स्वतःची चूक चारचौघांत कबूल करावी लागते. ती मी आज करतो. उद्यापासून रांगा मोडू. त्या व्यक्तीचे घर आपल्याच वस्तीत आहे. मी क्षमा मागायला जाणार आहे. सोबत कोण येणार?

जय भीम! नमो बुद्धाय!