सर्वांची वही



आजच्या विषयाचे नाव परके आहे, म्हणून त्याचा उलगडा आधी करतो. हवाई बेटांच्या भाषेत ‘विकी’ म्हणजे झटपट. १९९५ साली वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन संगणक-कारागिराने आपल्या व्यवसायबंधूंसाठी संगणकावर एक सामायिक वही मांडली आणि तिला हे नाव दिले. वहीचा नियम असा, की जो वाचतो त्याला लिहिताही येते, आणि दुसऱ्याचे चुकले असल्यास दुरुस्तही करता येते. जुना मजकूर मात्र पुसला जात नाही. कोणी, केव्हा, काय बदलले याची नोंद मागे राहते. मतभेद झाला तर शेजारच्या चर्चेच्या पानावर वाद घालता येतो. २००१ साली विकिपीडिया याच पायावर उभा राहिला. मराठीत तो २००३ पासून आहे. पण आज आम्हाला जगाच्या ज्ञानाविषयी बोलायचे नाही. कारखान्यातल्या, कचेरीतल्या आणि गावातल्या ज्ञानाविषयी बोलायचे आहे.

कोणतीही संस्था घ्या. तिचे नियम छापलेले असतात. पण ती चालते न छापलेल्या ज्ञानावर. कोणते यंत्र पावसाळ्यात कुरकुरते, कोणत्या अर्जाला कोणता कागद जोडावा लागतो, हे कोणा एकाच्या डोक्यात असते. तो माणूस निवृत्त झाला, की संस्थेची अर्धी अक्कल त्याच्याबरोबर घरी जाते.

आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि यंत्रांपाशी पुष्कळ झाले. एका कारखान्यात एक वृद्ध फिटर होते. यंत्राच्या आवाजावरून ते दोष सांगत. आम्ही त्यांना विचारले, “तात्या, हे कुठे लिहून का ठेवत नाही?” ते म्हणाले, “लिहिले, तर उद्या मला कोण विचारील?”

या उत्तराला हसू नका. त्यात शंभर वर्षांचा अनुभव आहे. १९११ साली फ्रेडरिक टेलर या अमेरिकन इंजिनियराने शास्त्रीय व्यवस्थापनावर पुस्तक लिहिले. कामगारांपाशी परंपरेने आलेले ज्ञान व्यवस्थापकांनी गोळा करावे आणि त्याचे नियम बांधून कामगारांना द्यावेत, असे त्याने उघड मांडले. म्हणजे विद्या कामगाराची, लेखणी मालकाची! आज कंत्राटी पद्धतीच्या दिवसांत तात्यांची भीती अधिकच खरी आहे. सगळे लिहून घ्यायचे आणि मग स्वस्तातला नवा माणूस आणायचा, हा हिशेब कोणालाही सुचेल.

मग लिहूच नये काय? आम्हाला तसे वाटत नाही. लपवलेल्या विद्येने एका माणसाची नोकरी फार तर काही वर्षे टिकते. पण शेजारच्या पोराचा हात यंत्रात जातो, कारण धोका त्याला कोणी सांगितलेला नसतो. लिहावे की नाही, हा प्रश्नच नव्हे. लेखणी कोणाच्या हाती राहते, हा खरा प्रश्न आहे. म्हणून आमच्या तीन अटी आहेत. काम करणाऱ्याला स्वतः लिहिण्याचा आणि सुधारण्याचा हक्क असावा. बदलांची नोंद व्यवस्थापनानेही पुसू नये, म्हणजे कोणाचे ज्ञान कोणाचे, हे दिसत राहील. आणि लिहिण्यातला वेळ कामाचा वेळ धरावा. जो करार करताना पगार आणि रजा बोलतो, त्याने हेही बोलावे.

आता गावाकडे येऊ. मांढरदेवीच्या घाटापलीकडे वाई आहे. तेथे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली मराठी विश्वकोश घडला. त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला. तज्ज्ञांनी लिहावे, तज्ज्ञांनी तपासावे, अशी ती रीत. तिचे मोल मोठे आहे. पण हिरडस मावळातला कोणता झरा चैत्रात आटतो, कानद खोऱ्यात कोणत्या खाचराला कोणते भात मानवते, हे कोशकाराला कोण कळवणार? ते तिथल्या बाईला ठाऊक, गुराख्याला ठाऊक. २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगाव लोकांच्या सल्ल्याने जैवविविधता नोंदवही करण्याची तरतूद केली. कल्पना उत्तम आहे. परंतु कागदाची वही एकच असते. ती कपाटात गेली, की थिजते. तीच विकीवर असती तर दर पावसाळ्यानंतर गावाला आपली ओळ जोडता आली असती. अर्थात सारेच उघड्यावर मांडावे असे नाही. वैदूची औषधी कोठे उगवते, हे व्यापाऱ्याला सांगण्याची घाई नको. विकी केवळ सभासदांपुरतीही ठेवता येते. मीडियाविकी ही त्यासाठीची प्रणाली फुकट मिळते आणि संस्थेच्या साध्या संगणकावरही चालते.

यंत्रणा फुकट असली, तरी राबणूक फुकट नाही. बागेला माळी लागतो, तसा विकीला राखणारा लागतो. पाने जुनी झाली, की लोक पुन्हा फोन करून विचारू लागतात, आणि वही मरते.

शेवटी एक गोष्ट आमच्याच मंडळींना सांगतो. मालकाला प्रश्न विचारणाऱ्या युनियनने आपले घरही पाहावे. जुने करार, निवाडे, भविष्यनिर्वाह निधीच्या अर्जातल्या खाचाखोचा या पुष्कळदा एकट्या चिटणीसाच्या डायरीत असतात. सभासदाला दर वेळी त्याच्या दाराशी जावे लागते, आणि त्यातूनच पुढारीपण पोसते. ज्याला संघटना आपल्यानंतरही जगावी असे वाटते, त्याने ती डायरी आधी सर्वांपुढे उघडावी. मग मालकापुढे अटी मांडताना त्याचा आवाज कापणार नाही.